दादीचे छायाचित्र

मराठीतला 'कागद' आणि उर्दूतला 'काग़ज़' हा मुळात एकच शब्द आहे. 'शाई' हा शब्दही 'सियाही'वरून आला. सियाही म्हणजे काळेपणा. कागद आणि शाई यांचे नाते किती जवळचे आहे, हे मला एका छायाचित्रामुळे कळले.

माझी दादी मालेगावची. ती आयुष्यभर मागासाठी कांड्या भरत असे. तिचे एकच कृष्णधवल छायाचित्र आमच्या घरी होते. ते दरवर्षी अधिकच फिकट होत होते. असेच चालले असते, तर पुढच्या मुलांना तिचा चेहरा दिसलाच नसता. म्हणून मी त्याच्या प्रती छापायचे ठरवले.

पाच घरांसाठी पाच प्रती हव्या होत्या आणि चकचकीत फोटो-कागद महाग होता. माझ्याकडे पुनर्निर्मित कागद होता. रद्दी पाण्यात भिजवून तिचा लगदा करतात आणि त्या लगद्यापासून हा कागद बनवतात. इंकजेट प्रिंटरची शाई त्याच्या तंतूंमध्ये शिरते व थोडी पसरते. त्यामुळे गडद काळा रंग राखाडी दिसतो. आणखी एक गंमत आहे. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसतेच! चित्रातला पांढरा भाग म्हणजे न छापलेला कागद. कागद मळकट, तर पांढरा रंगही मळकट.

मी फक्त काळी शाई निवडली, चित्र थोडे उजळ केले आणि आधी एका तुकड्यावर छापून पाहिले. मग पूर्ण प्रत काढली. अब्बांनी ती हातात घेतली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "अम्मीची ओढणी अशीच होती, कोऱ्या सुताची."

रद्दीचा साधा कागद मात्र काही वर्षांनी पिवळा पडू शकतो. सुती चिंध्यांचा चांगला कागद पुष्कळ टिकतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद बनवण्याची जुनी परंपरा आहे. जपून ठेवायची एक प्रत अशा हातकागदावर काढावी.

मुलांनो, तुमच्या घरीही एखादे जुने छायाचित्र असेल. त्यातली माणसे कोण, हे मोठ्यांना आजच विचारा आणि त्याची प्रत काढा. महाग कागदाची वाट पाहू नका. कागद उद्याही मिळेल; पुसट झालेला चेहरा पुन्हा मिळणार नाही.