मागणीप्रमाणे खिलार

खरसुंडीच्या पौषातल्या यात्रेत मी बैलांपेक्षा बैल पाहणाऱ्यांकडेच जास्त बघत राहतो. मुरलेला गिऱ्हाईक आधी लांब उभा राहून चाल बघतो. मग पाठीवरून शेपटीच्या मुळापर्यंत हात फिरवतो, दात बघतो, खूर उचलतो. अशाच नजरांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडत निवडत समोरचं जनावर घडवलंय.

निमुळतं तोंड, कपाळाच्या मधोमध उतरलेली खाच, मागे झुकून वर उठलेली लांब शिंगं, आवळलेलं पोट, टणक काळे खूर. म्हैसूरकडच्या हल्लीकर जातीशी नातं असलेली ही खिलार जात माण, आटपाडीच्या दुष्काळी माळांवर मुरली. खडकाळ वाटेनं, भर उन्हात ओढ काढायची, तर गळ्याची लोंबती पोळी आणि सुटलेलं पोट हवं कुणाला? बहुतेक खोंड बडवून बैल केले जात. मनात भरलेला एखादाच वळू म्हणून राही, आणि पंचक्रोशीतल्या वासरांवर त्याचीच छाप उमटे.

दूध मात्र या जातीकडे फारसं कुणी मागितलंच नाही. खोंड पोसला की गाईचं काम झालं. म्हणून खिलार गाईची कास आटोपशीर राहिली. आता त्याच गोठ्यात पलीकडे संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय बांधलेली असते. वशिंड नावापुरतं, मागचा भाग रुंद, कास भरघोस. तिच्या पूर्वजांना हॉलंडकडच्या थंड कुरणांवर दुधासाठी निवडलं गेलं. इथं त्यांचं रक्त कृत्रिम रेतनाच्या कांडीतून आलं. डेअरीचं बिल तिच्या जोरावर निघतं, पण वैशाखात धापाही तीच टाकते. एकीच्या अंगावर ओढीचा हिशेब, दुसरीच्या अंगावर दुधाचा. दोन्ही माणसानंच मांडलेले.

ट्रॅक्टर आला आणि ओढीची गरज ओसरली. खिलारला हात दिला तो बैलगाडा शर्यतीनं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं तिला मनाई केली, पण १८ मे २०२३ रोजी शर्यतीला परवानगी देणारा राज्याचा कायदा त्याच न्यायालयात टिकला. आता खोंडाचा भाव पळण्यावर चढतो. जात जगतेय याचा आनंद आहेच. धास्ती एवढीच, की वळू म्हणून फक्त पळणाराच राखला, तर काही पिढ्यांत दिवसभर जू ओढणारी अंगलोट आणि शांत डोकं दोन्ही विरळ होतील. अशा ओढीच्या अंगाचे वळूही कुणीतरी राखायला हवेत. आपल्या नातवंडांना ट्रॅक्टरसाठी डिझेल काय भावानं मिळेल, हे आज कोण सांगणार?