काटा खोटा की इंजिन गरम?

आमच्या घरी नांदूरघाटला एक प्रीमियर पद्मिनी आहे. अब्बा शाळेतून रिटायर झाले तेव्हा त्यांनी ती जुनीच विकत घेतली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी, मूळची इटलीची फियाट. इंजिन १०८९ सीसीचं, अगदी साधं. बॉनेट उघडलं की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या. आमच्या अंगणातली मात्र अजून चालते.

गेल्या उन्हाळ्यात तीही जायच्या बेतात होती. अम्मीचे डोळे बीडला दाखवून परतताना मांजरसुंब्याचा घाट चढला आणि टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला. घरी आल्यावर पाहिलं तर गाडीखाली तेल ठिबकत होतं. एका मिस्त्रीने बघितलं न बघितलं आणि सांगून टाकलं, ‘‘हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागेल. चाळीस हजार धरून चाला.’’ घरात तेवढेच पैसे होते, ते धाकटीच्या बी.एड.च्या फीसाठी ठेवलेले. अब्बा म्हणाले, ‘‘बेटा, भंगारवाल्याला बोलाव.’’

मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हटलं, ‘‘अब्बा, दोन दिवस द्या. आधी बघू तर द्या काय झालंय ते.’’

हेड गॅस्केट गेल्याच्या खुणा असतात. डिपस्टिकवरचं तेल चहाच्या सायीसारखं होतं, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, रेडिएटरचं पाणी सारखं कमी होतं. यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर, रात्रभर थंड झालेल्या गाडीला नुसती चावी फिरवली. काटा सरळ लाल पट्ट्यात! थंड इंजिन गरम कसं असेल? म्हणजे काटाच खोटं बोलत होता.

विजेवर चालणाऱ्या अशा काट्याला इंजिनवरच्या सेन्सरकडून एक वायर येते. ती वायर सेन्सरवरून काढली की काटा थंडावर यायला हवा. तसा आला तर दोष सेन्सरचा. आमचा हलला नाही, म्हणजे वायरच वाटेत कुठेतरी बॉडीला टेकत होती. शोधली, तर पत्र्याच्या भोकापाशी घासून तिचं वरचं प्लास्टिक गेलेलं. दहा रुपयांची टेप लावली, भोकात रबर बसवलं.

मग तेल. तेल वरून गळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून थेंब जिथे पडतो तिथे दोष असेलच असं नाही. थंड इंजिन रॉकेल आणि ब्रशने धुतलं, पूर्ण वाळू दिलं, अम्मीच्या डब्यातली टाल्कम पावडर फुंकली, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवली. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ टॅपेट कव्हरच्या कडेपासून उतरलेली स्पष्ट दिसली. आतलं कॉर्कचं पॅकिंग वाळून कडक झालं होतं. शिवाय ब्रीदरची नळी काजळीने तुंबलेली. इंजिनातल्या वाफेला बाहेर पडायला वाट नसली की ती जिथे कमजोर जागा मिळेल तिथून तेल ढकलते. नळी साफ केली, नवं पॅकिंग बसवलं. स्क्रू फार आवळले नाहीत, नाहीतर कव्हर वाकतं आणि गळती वाढते. सगळा खर्च पाचशेच्या आत.

एक गोष्ट मात्र बहिणींनो आणि भावांनो, लक्षात ठेवा. काटा खोटा निघाला तो तपासल्यावर. रस्त्यात काटा लाल झाला तर गाडी थांबवायचीच, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर उडतं. ऑइलचा दिवा लागला तर त्याच क्षणी इंजिन बंद. बोअरचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. त्याने आत पापुद्रे धरतात आणि मग गाडी खरोखरच तापते.

धाकटीची फी वेळेवर भरली. अब्बांनी त्या मिस्त्रीला वाईट शब्द काढला नाही, आम्हालाही काढू दिला नाही. एवढंच म्हणाले, ‘‘कुणी काही सांगितलं तर आधी पडताळून बघावं. गाडीचं असो की माणसाचं.’’