अक्षरांचे गोठे

सॅन फ्रान्सिस्कोची प्रेक्षणीय स्थळे चार दिवसांत उरकली. लेखणी उचलावी असे त्यांतल्या एकानेही काही केले नाही. पाचव्या दिवशी मात्र, चिरंजीवांच्या हट्टापायी, धुके आणि बोचरा वारा यांचीच जणू वतनदारी असलेल्या पॉइंट रेयसच्या भूशिरावर, पियर्स पॉइंटच्या चुन्याने धवळलेल्या रिकाम्या गोठ्यात मी कुडकुडत उभा असताना, शेजारच्या एका वृद्ध गृहस्थाने विचारले, "तुमच्याकडे लोण्यात मीठ किती घालतात?"

लोण्यात मीठ! ज्या पदार्थापायी प्रत्यक्ष भगवंताने चोरीचा आळ पत्करला, त्यात मीठ कालवणे मला निव्वळ पाखंड वाटले, उलट आम्ही लोणी कढवून तूप करतो हे ऐकताच, "इतके चांगले लोणी जाळता?" म्हणून तोही मनापासून हळहळला. मग त्याने मिठाची कैफियत मांडली. सोन्याच्या लोभाने फुगलेल्या शहराला लोणी हवे होते आणि येथील धुके कुरणे हिरवी राखीत असे. म्हणून उथळ परातींत निवलेल्या दुधावरची साय घुसळून, ते लोणी टिकावे यासाठी खारवून, वर 'पी. आर.' असा शिक्का उमटवून गलबतांनी धाडीत.

"आणि ताक?" मी विचारले.

"डुकरांना."

माझ्या कोकणी जिवाला हा घाव मिठाहून अधिक झोंबला.

म्हातारा पुढे म्हणाला, "माझे बालपण एका अक्षरावर गेले." मला उलगडा होईना, तेव्हा त्याने खुलासा केला. या भूमीच्या मालकीचा कज्जा लढविणारे शाफ्टर हे वकीलबंधूच १८५७ च्या सुमारास तिचे धनी झाले. त्यांनी तिच्यावर गोठे उभारून आयरिश, पोर्तुगीज, स्विस कुळांना खंडाने दिले आणि त्या गोठ्यांना ए, बी, सी अशी झेडपर्यंत अक्षरे लावली. १८५८ मध्ये २,२०० एकर विकत घेणाऱ्या सॉलोमन पियर्सचे नाव, पुढे त्याच्या मुलाने कारभार वाढविलेल्या या जागेवर, आजही टिकून आहे. पहाटे उठून धार काढणाऱ्या कुळांच्या वाट्याला नकाशावर एकेक अक्षर आले. खरेदीखत आणि खंड यांतला हा भेद मला कोकणात शिकावा लागला नव्हता. तो सातासमुद्रांपलीकडेही ओळखीचाच निघाला.

१९७३ साली पियर्स पॉइंटवरचा गुरांचा व्यवसाय संपला. १९७८ पासून या भूशिरावर टुली एल्क जातीची हरणे चरतात. त्यांची धार कोणी काढीत नाही.