लखोबाचे आकर्षण

कडेगावात पदवीच्या वर्गाला आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, त्या बायकांना त्याच्यात काय दिसलं असेल?’’ मी उत्तर टाळले आणि फिरत्या रंगमंचाविषयी बोलत राहिलो. त्या टाळण्याची बोच अद्याप गेलेली नाही.

प्रत्यक्ष खटल्यावर बेतलेले हे नाटक १९६२चे. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे कधी दिवाकर दातार होतो, कधी कॅप्टन परांजपे, कधी राधेश्याम महाराज. कामुक रहस्यकथेची सारी सामग्री येथे आहे : परका पुरुष, बनावट नाव, घातक मोह. मात्र न्यायालयाला प्रश्न पडतो तो आरोपीच्या ओळखीचा. स्त्रियांच्या ओढीचा नव्हे.

त्याच वर्षीच्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’त ही ओढ उघड होती. तेथे लेखकच आरोपी झाला. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे उघड मोहावर खटला भरला गेला आणि फसवणुकीत दडलेला मोह सहकुटुंब पाहिला गेला.

प्रभाकर पणशीकरांच्या लखोबाला आपण टाळ्या दिल्या, तेव्हा त्याच्या वाणीला आपणही भुललो होतो. तरीही भोळ्या ठरल्या त्या स्त्रियाच. आपला मोह रसिकता आणि त्यांचा मोह मूर्खपणा, ही वाटणी समीक्षेनेही तपासायला हवी. विद्यार्थिनीला द्यायचे उत्तर आता सुचते : त्यांना दिसले ते बहुधा आपल्याला दिसले तेच, किंमत मात्र त्यांनी मोजली.