जोते दोन फूट

काही वर्षांपूर्वी नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या वाड्याचे मूल्यांकन करण्यासाठी एका बँकेने मला पाचारण केले, आणि तेथील अधिकाऱ्याने ‘संदर्भाला असू द्या’ म्हणून, दुसऱ्याच एका व्यवसायबंधूच्या सहीशिक्क्याचा, सहा-सात महिन्यांपूर्वीचा अहवाल माझ्या हाती ठेवला. चार ओळी वाचतो न वाचतो तोच शब्द ओळखीचे वाटू लागले. चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, सागवानी तुळया, परसातील विहिरीची शेजाऱ्याशी सामायिक असलेली वहिवाट, आणि आखीव पत्रिकेवरील क्षेत्र व प्रत्यक्ष मोजणी यांतील तफावतीची, दोन दिवस दप्तरे धुंडाळून मी जुळविलेली कैफियत, हा सारा मजकूर शब्दशः माझा होता. कारण बारा वर्षांमागे, भावाभावांच्या वाटणीच्या निमित्ताने, याच वाड्याचा अहवाल मीच लिहिला होता. ‘जोते रस्त्यापासून दोन फूट उंच’ हे वाक्यही माझेच. मात्र दरम्यान त्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला होता, त्याची पातळी चढली होती, आणि जोते आता जेमतेम सहा इंच उरले होते. उतारा करणारा गृहस्थ, उघडच, वाड्याच्या दारापर्यंत गेलेला नव्हता.

मला राग आला, हे कबूल करतो. धरमपेठेकडे सुधार प्रन्यासाच्या आखीव अभिन्यासांतील भाडेपट्ट्याच्या भूखंडांचे अहवाल एकासारखे एक उतरतात, आणि तेथील एखादे वाक्य कोणी उचलले तर ते माझे की त्याचे, हे मलाही सांगता येणार नाही. पण महालात आणि इतवारीत प्रत्येक वाड्याला त्याचे स्वतःचे वाक्य शोधावे लागते, आणि ते सापडण्यापूर्वी माळ्यावरच्या धुळीत चढावे लागते.

योगायोग असा की ज्या कायद्याने आमच्या व्यवसायाला नाव दिले आणि ज्याने त्याच्या लेखनाची मालकी ठरविली, ते दोन्ही १९५७ सालचे. संपत्तीकर अधिनियमात पुढे १९७२ साली कलम ३४ एबी आले, नोंदणीकृत मूल्यांकक नावाचा प्राणी जन्मास आला, आणि ‘नमुना ओ-१’ची प्रश्नावली त्याच्या गळ्यात बांधली गेली, संपत्तीकर २०१६ पासून बंद झाला, पण ते नाव आणि तो नमुना आमच्या टेबलावरून हललेले नाहीत. दुसरा कायदा कॉपीराइटचा. त्याचा पहिला दंडक असा की संरक्षण मांडणीला मिळते, वस्तुस्थितीला नव्हे. ‘न्यू दिल्ली’ या चित्रपटाने आपले नाटक उचलले अशी एका नाटककाराची तक्रार होती, तिचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच सांगितले. आणि २००७ साली, कायद्याच्या निकालपत्रांच्या संपादनाविषयीच्या एका दाव्यात, नुसते श्रम पुरेसे नाहीत, त्यांत काही कौशल्य आणि विवेक उतरला पाहिजे, असेही स्पष्ट केले. म्हणजे जोत्याची उंची माझी नाही, विहीर माझी नाही; आणि शेवटच्या पानावरील जो आकडा मिळविण्यासाठीच पक्षकार फी देतो, तो आकडा तर कोणाचाच नाही. प्रश्नावलीतील ‘होय’ आणि ‘नाही’ यांवर हक्क सांगण्याइतका मी अजून वेडा झालेलो नाही. उरली ती कैफियत.

तीही निर्वेध नाही. कलम १७ म्हणते की पहिला मालक लेखक. मी कोणाचा पगारी नोकर नसल्यामुळे हे कलम माझ्या बाजूचे. परंतु मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्रांची मालकी, उलट करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जाते. सबब एकाच बाडातील वर्णन माझे आणि त्यामागे जोडलेली चित्रे पक्षकाराची, अशी वाटणी होते. त्याउपर काम देणारी बँक स्वतःच एखाद्या कायद्याने स्थापन झालेली असेल, तर तिच्या निर्देशाखाली वा नियंत्रणाखाली झालेल्या लेखनाची पहिली मालकीण तीच, असे त्याच कलमात आहे. आणि नेमणुकीचे चार ओळींचे पत्र म्हणजे ‘निर्देश’ होतो की काय, यावर दोन वकील एक आठवडा सुखाने भांडू शकतील. वाटणीचा अहवाल खाजगी असल्याने त्यापुरता मी निश्चिंत होतो. पण ज्या वस्तूची मालकी मजकडे, ती मी दुसऱ्या कोणास दाखवूही शकत नाही. कंपनी कायद्याखालील मूल्यांककांसाठी २०१७ साली जे नियम आले त्यांतील आचारसंहितेने कामाचे कागद निदान तीन वर्षे जपून ठेवण्याचे आणि पक्षकाराची माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले आहे, आणि ते नियम येण्यापूर्वीही कोणताही शहाणा मूल्यांकक याहून वेगळे वागत नसे. आमच्याच भाषेत सांगायचे तर, मालकी आहे, वहिवाट नाही.

मग दावा करायचा तो कशाचा? कलम ५७ लेखकाला, हक्क विकून टाकल्यानंतरही, आपले लेखकत्व सांगण्याचा अधिकार देते. मी तो बजावायचा म्हणजे त्या ताज्या तारखेच्या कागदाखाली उभे राहून ‘जोते दोन फूट’ हे माझे वाक्य आहे असे म्हणायचे. ते वाक्य लिहिले तेव्हा खरे होते. आमच्या धंद्यात तारखेवाचून वाक्याला किंमत नाही. भांडवली नफ्यासाठी मी वर्षानुवर्षे घरांची १ एप्रिल १९८१ ची किंमत काढीत आलो, २०१७ साली कायदा बदलला तेव्हा त्याच घरांची १ एप्रिल २००१ ची काढू लागलो, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. त्या गृहस्थाने माझे शब्द चोरले, यापेक्षा त्यांची तारीख पुसली, हे मला अधिक लागले. आणि त्या अपराधाला कॉपीराइटच्या कायद्यात कलम नाही. मी अधिकाऱ्याला एवढेच सांगितले की आधीचा अहवाल जागेशी जुळत नाही, तो संदर्भास घेऊ नये.

वाड्याचे मालक, वयाने माझ्याहून वडील, ओसरीवर बसून माझी मोजदाद पाहात होते. त्यांचे गाऱ्हाणे निराळेच. मूल्यांकनाची फी त्यांच्या खात्यातून वळती झाली होती, पण अहवालाची प्रत मागता, तो बँकेचा गोपनीय कागद आहे, असे उत्तर मिळाले होते. “पैसे तर आपणच दिले न साहेब, मग रिपोर्ट आपलाच झाला न?” मी त्यांना पत्राचा दाखला दिला: आलेल्या पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, शब्द ज्याने लिहिले त्याचे. इथे तर कागदही बँकेचा. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

“असो,” ते म्हणाले, “रिपोर्ट कोणाचाही असो. रस्ता वर आला तेव्हापासून पावसाचं पाणी मात्र आमच्याच घरात येते.”

मी टेप पुन्हा उलगडला. ओल भिंतीवर जमिनीपासून नऊ इंच चढली होती, देवघराच्या कोपऱ्यात अकरा.