दादांचा रिपोर्ट

वर्धा

प्रिय सुमा,

तुझ्या दादांचा रिपोर्ट मिळाला. "सगळं नॉर्मल आहे, म्हणजे हृदयाची काळजी नाही ना?" असं तू विचारलंस. फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही गं, म्हणून लिहायला बसले.

ठळक अक्षरात एकही आकडा नाही, हे खरं. पण एकूण कोलेस्टेरॉल १९६ आणि एचडीएल ४१ आहे. पहिल्यातून दुसरं वजा कर, १५५ उरतात. हा आकडा १३०च्या आत हवा आणि तो त्या कागदावर छापलेलाच नाही! लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला हेच पक्कं कळलंय, की एकेक ओळ वाचून धोका कळत नाही. वय, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू अशी सगळ्यांची मिळून बेरीज बघावी लागते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८पासून लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून ही बेरीज उभी राहिली. पुढे युटातल्या संशोधकांनी २००९मध्ये नुसत्या सीबीसी आणि नेहमीच्या रक्ततपासण्यांतून कुणाला जास्त जपायला हवं याचा अंदाज बांधून दाखवला. त्यात आरडीडब्ल्यू धरलाय, म्हणजे तांबड्या पेशींच्या आकारातला फरक. आपल्याकडे त्या ओळीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

पण ते गणित जसंच्या तसं वर्ध्याला आणता येत नाही. इथे लोह कमी असलं तरी आरडीडब्ल्यू वाढतो. शिवाय आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, आणि तुझ्या मावशीच्या घरी तर आहेच. सिकलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, त्यामुळे एचबीएवनसी हा साखरेचा आकडा खोटा कमी येतो. लोह कमी असेल तर बहुतेकदा उलट, खोटा जास्त. नुसता वाहक असला तरी काही मशीनवर आकडा हलतो. म्हणून दादांच्या ५.५ एचबीएवनसीवर मी विसंबणार नाही. आधी सिकलची तपासणी, आणि उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी अशी साधी साखर. दोन्हींना फार पैसे लागत नाहीत.

आता दादांचा खर्रा, म्हणजे ते चघळतात ती तंबाखू-सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या हृदयविकाराच्या धोक्याच्या तक्त्यात तंबाखूसाठी फक्त धूम्रपानाचा रकाना आहे. दादा बिडी-सिगरेट ओढत नाहीत, म्हणजे तिथे ते निर्व्यसनी! पण ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात चघळायच्या तंबाखूनेही हार्ट अटॅकचा धोका वाढलेला दिसला. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला होता, साधारण ५३च्या आसपास. दादा ४७ वर्षांचे आहेत, सुमा.

मला राग कशाचा येतो सांगू? एवढं महागडं पॅकेज, पण रक्त घेणाऱ्याने ना खर्रा विचारला, ना बीपी मोजलं. गावातली आशाताई तिशीपुढच्या माणसाचा फॉर्म भरते, त्यात तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार आहे का, हे सगळं असतं. दादांच्या पोटाचा घेर मला नुसत्या डोळ्यांनी दिसतो, बाकी हातपाय काडीसारखे. आपल्या लोकांत हे फार आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षं हेच सांगताहेत, वजन कमी असलं तरी अंगात चरबी जास्त असू शकते.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना सेवाग्रामला मेडिसिनच्या ओपीडीत घेऊन जाईन. गोळी लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. तू एवढं कर, तुमच्या बाबांना पहिला अटॅक आला तेव्हा त्यांचं वय काय होतं, ते काकूंना विचारून मला कळव. आणि खर्र्याचं तूच बोल. माझं ते हसण्यावारी नेतात, धाकट्या बहिणीचं ऐकतील.

तुझी,
मीना