केळकरांची राणी मुर्रीच्या ओसरीवर

कादंबरीतल्या राणी केळकरच्या आईला टॅटू काढलेला मुलगा चालणार नाही, हे मी सांगितलं तेव्हा ओसरीवरच्या मुली क्षणभर गप्प झाल्या. मग एकीनं विचारलं, "पन मॅडम, माझ्या आजीचे तं दोन्ही हात गोंदलेले आहेत. कपाळावर बी आहे." त्या रविवारी पुस्तक बाजूलाच राहिलं. कुणाच्या आजीच्या हातावर काय गोंदलंय, कुणाला किती दुखलं होतं, गोंदल्याशिवाय सासरी कशी बोलणी बसत, हेच निघत राहिलं. 'मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं,' असं आपली आजी म्हणते, हे एकीनं सांगितलं. शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टनमध्ये ज्याची आईला धास्ती, ते आमच्या मुर्रीत आजीचं लेणं आहे. इतकी वर्षं अशा कादंबऱ्या वाचून, त्यांच्यावर लिहून मला हा धागा दिसला नव्हता. तो नववीतल्या मुलीला दिसला.

किशोर कादंबरी हा माझा अभ्यासाचा विषय. त्यातही परदेशात वाढलेल्या भारतीय मुलामुलींच्या कादंबऱ्या. गोंदियात कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि शहराला लागून असलेल्या मुर्रीत राहते. रविवारी आठवी ते बारावीच्या दहा-बारा मुली ओसरीवर जमतात. पुस्तक इंग्रजीत हातात धरायचं आणि तोंडानं मराठीत सांगत जायचं, अशी आमची रीत आहे. रोवणीच्या दिवसांत निम्म्या मुली धानाच्या बांधीत असतात, तेव्हा गोष्ट थांबते. परे लावून झाले की पुढे सुरू.

यंदा आम्ही अनुराधा राजूरकर यांची 'अमेरिकन बेटिया' वाचली. ती 2021 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. नायिका राणी केळकर. आईवडिलांशी कधी खोटं न बोललेली. तिला ऑलिव्हर भेटतो, गोरा, चित्रकलेनं झपाटलेला, अंगावर टॅटू असलेला. त्याच्यासाठी ती पहिलं खोटं बोलते आणि मग बोलतच जाते. ऑलिव्हरच्या घरी सगळं विस्कटलेलं आहे, त्यामुळे तो तिच्याकडे अधिकाधिक मागत राहतो. तिच्या रंगाचं, तिच्या देशाचं कौतुक करता करता तो तिला माणूस म्हणून पाहायचं विसरतो. पुढे एका उन्हाळ्यात तिला पुण्याला यावं लागतं आणि पहिल्या प्रेमाकडे ती लांबून पाहू शकते.

वरवर पाहिलं तर यात मुर्रीच्या मुलीचं काय आहे? पण या गोष्टीचं खरं काळीज प्रेमात नाहीच, ते त्या खोटं बोलण्यात आहे, असं माझं मत आहे. घरात एक आणि बाहेर एक अशी दोन आयुष्यं जगणारी मुलगी वाईट नसते. तिच्या दोन्ही जगांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं असतं आणि निरोप नेण्या-आणण्याचं ओझं तिच्यावर पडलेलं असतं. ओसरीवरच्या मुलींना हे समजावून द्यावं लागलं नाही. ट्यूशनच्या नावाखाली कोण कुठे जातं, भावाच्या मोबाइलमधलं काय पुसून ठेवावं लागतं, मंडईच्या जत्रेत दंडार पाहायला म्हणून निघालेली मैत्रीण नेमकी कुठे होती, सगळं निघालं. मी कुणाचं नाव विचारलं नाही. त्यातली एक शेवटी म्हणाली, "राणीनं आईला सांगितलं असतं तं आई काही मेली नसती." बराच वेळ कुणी काही बोललं नाही. अकरावीतली एक मुलगी मात्र राणीच्या आईच्या बाजूनं भांडली. परक्या मुलखात लेक वाढवताना त्या बाईच्या हाताशी ना सासू होती, ना आई, ना शेजारची काकू. भिणार नाही तर काय करेल, असं तिचं म्हणणं. तिची स्वतःची आई परराज्यातून, बालाघाटकडून लग्न होऊन आलेली आहे.

बारीक गोष्टींवर आम्ही फार रेंगाळलो. शीर्षकच घ्या. घर केळकरांचं आणि मुखपृष्ठावर 'बेटिया'. 'लेक' का नाही, 'पोरगी' का नाही? मला वाटतं, अमेरिकेत पुस्तकाच्या दुकानात भारतीय म्हणून ओळख पटवायला हिंदीचं नाणं चालतं, मराठीचं चालत नाही. मुली म्हणाल्या, गोंदियाच्या बाजारात तरी कुठे चालतं! इथे घरात पोवारी किंवा झाडीबोली, दुकानात हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी आणि आता परीक्षेला इंग्रजी. पोवारी घरातली मुलगी 'मोरो घर' म्हणते आणि उंबऱ्याबाहेर पडून 'माझं घर' लिहिते. झाडीबोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. मी लहानपणी शाळेत 'पानी' म्हटलं म्हणून मला वर्गासमोर उभं करून 'पाणी' वीसदा म्हणायला लावलं होतं. त्या दिवसापासून मी घरी एक आणि शाळेत एक झाले. अमेरिकेत वाढलेल्या मुलांच्या कादंबऱ्या पुढे हाती आल्या तेव्हा त्या मला परक्या वाटल्या नाहीत, त्याचं मूळ त्या वीस 'पाणीं'त आहे.

सुप्रिया केळकर यांच्या 'अमेरिकन अ‍ॅज पनीर पाय' या 2020 सालच्या कादंबरीत हीच फाळणी थेट येते. मिशिगनच्या लहान गावातली अकरा वर्षांची लेखा घरी वेगळी आणि शाळेत वेगळी असते. तिच्या कपाळावर जन्मखूण आहे, टिकलीसारखी दिसणारी, आणि लेखा ती केसांनी झाकते. समोरच्या घरात भारतातून नवी मुलगी राहायला येते. तिला कशाचीच लाज नसते आणि लेखाचं झाकणं उघडं पडतं. ही कादंबरी राणीच्या गोष्टीपेक्षा लहान मुलांची आहे, पण माझ्या मते अधिक धीट आहे.

याच लेखिकेची 2017 सालची 'अहिंसा' विदर्भाच्या वाचकानं मुद्दाम शोधून वाचावी. 1942 च्या चळवळीत आई उतरते आणि दहा वर्षांच्या अंजलीचं घर उलटंपालटं होतं. या गोष्टीमागे लेखिकेची पणजी आहे. ती पणजी म्हणजे नागपूरच्या अनसूयाबाई काळे. 1952 साली पहिल्या लोकसभेत नागपूरमधून निवडून गेलेल्या, त्याच चळवळीतल्या चिमूर-आष्टीच्या कैद्यांची फाशी टळावी म्हणून झटलेल्या. नागपूरची पणजी मिशिगनच्या पणतीच्या इंग्रजी कादंबरीतून पुन्हा गोंदियात पोचली. हे सांगताना माझा आवाज जड झाला होता.

या सगळ्या लेखिका एकाएकी आल्या नाहीत. अमेरिकेनं 1965 साली स्थलांतराचा कायदा बदलला, तेव्हा भारतातले डॉक्टर, इंजिनिअर, त्यांच्या बायका तिकडे गेल्या. शिकागोत 1969 साली महाराष्ट्र मंडळ सुरू झालं, 1981 साली बृहन्महाराष्ट्र मंडळ. आईवडिलांनी आपल्या हुरहुरीबद्दल मराठीत लिहिलं, दिवाळी अंकांतून लिहिलं. मुलं मात्र इंग्रजीत वाढली आणि त्यांनी आपलं इंग्रजीत सांगितलं. तनुजा देसाई हिडियर यांची 'बॉर्न कन्फ्यूज्ड' 2002 साली आली. न्यू जर्सीतल्या सतरा वर्षांच्या डिंपलची ही गोष्ट या वाटेवरची पहिली ठळक कादंबरी मानली जाते. म्हणजे एका घरातल्या दोन पिढ्यांनी एकाच दुःखाबद्दल दोन भाषांत लिहिलं, आणि पुष्कळ घरांत ते एकमेकांपर्यंत पोचलंच नाही.

खरं तर ही वाट मराठी मुलीनं त्याआधी कितीतरी वर्षं तुडवली होती. 1883 साली आनंदीबाई जोशी अठराव्या वर्षी नवऱ्याला मागे ठेवून बोटीत बसली. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ होऊन गेलेलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर नावाच्या बाईंच्या घरी ती राहिली, फिलाडेल्फियात 1886 साली डॉक्टर झाली आणि 1887 च्या फेब्रुवारीत गेली. तिच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत. परदेशात काय नेसावं, काय खावं आणि मायदेशी लोक काय म्हणतील, या प्रश्नांनी राणीच्या वयाच्या त्या मुलीला छळलं होतं. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' आपण चरित्रात्मक कादंबरी म्हणून वाचतो. माझ्या मुलींपुढे मी ती एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची गोष्ट म्हणून ठेवली. त्यांनी तिच्या नवऱ्यावर, गोपाळरावांवर जो राग काढला, तो कुठल्या समीक्षेत मी वाचलेला नाही.

या कादंबऱ्यांवर माझा एक आक्षेप आहे आणि तो सांगायलाच हवा. यांतल्या अनेकींत भारत हे एका उन्हाळ्याचं गाव असतं. नायिका येते, आजीच्या हातचं खाते, मन ताळ्यावर येतं, विमान पकडते. पुण्यात किंवा मुंबईत नातेवाईक तिच्या प्रश्नांची उत्तरं घेऊन जणू वाट पाहत बसलेले असतात. त्यांच्या घरातल्या मुलींचे स्वतःचे प्रश्न असतील, त्यांनाही कुठे पळून जावंसं वाटत असेल, हे क्वचितच येतं. ओसरीवर मी विचारलं, राणी पुण्याऐवजी मुर्रीत आली असती तर? उत्तर लगेच आलं: "आमी तिला बांधीत नेलो असतो. अन् इचारलो असतो, तू अमेरिकेत काय काय लपवते?"

मराठीत 'किशोर' मासिक 1971 पासून आहे, 'फास्टर फेणे' आहे, मिलिंद बोकीलांची 'शाळा' आहे. पण 'शाळा'चा मुकुंद मुलगा आहे. चौदा ते अठराच्या मुलीला तिच्या वयाचं, तिच्या भीतीचं, तिच्या दोन भाषांचं पुस्तक मराठीत फारच कमी मिळतं. तशी पुस्तकं येईतोवर माझ्या मुलींना राणी आणि लेखा उसन्या आणाव्या लागतात. उसनं असलं तरी त्यांचं पोट भरतं, हे मी पाहिलंय.

हा अंक अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत जाईल. डिसेंबरात तुम्ही भारतात याल, बॅगा चॉकलेटांनी भरलेल्या असतील. तुमच्या मुलीनं वाचून झालेली, समासात तिनं पेन्सिलीनं काही खरडलेली एखादी अशी कादंबरी त्यात ठेवा आणि आपल्या मूळ गावच्या वाचनालयात किंवा शाळेत देऊन जा. जमलं तर मुलीलाही तिथे तासभर बसवा आणि ते पुस्तक तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत तिलाच सांगू द्या. तिचा 'ण' चुकला तर निदान आमच्या ओसरीवर तिला कुणी हसणार नाही.